पाऊण इंच

नजमाच्या दुकानात माप घेताना आकडा कुणाच्या कानावर पडत नसे. टेप फिरायची, नजमाचे ओठ हलायचे, पेन्सिल चालायची आणि बाई हात खाली करत विचारायची, "झालं?"

"झालं. पुढच्या जुम्म्याला या."

छाती किती, कंबर किती, मागच्या दिवाळीपेक्षा किती वाढली, हे नजमाला ठाऊक आणि तिच्या वहीला ठाऊक. सोबत आलेली एखादी नणंद मान लांब करून वहीत डोकावायची, तर तिथं सगळं उर्दूत.

"काय लिहिलंय ओ ह्यात?"

"तुमच्या भावजयीची तारीफ."

बेगमपुऱ्यातली ती एकच खोली. पुढच्या अर्ध्यात मशीन, कटिंगचं टेबल आणि माणसाएवढा आरसा, मागच्या अर्ध्यात संसार, मधे फुलाफुलांचा पडदा. माप द्यायला बाई आली की वहाबभाई, म्हणजे नजमाचे यजमान, कुणी न सांगता उठायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. रिक्षा चालवून चालवून त्यांचे गुडघे गेले होते. दिवसातून दहा वेळा उठबस व्हायची, पण तक्रार नाही. "माझा व्यायाम होतो," म्हणायचे.

आकडा न बोलायची ही सवय वडिलांच्या दुकानातली. मुनीब मास्टर शहागंजात पँट-शर्ट शिवायचे. टेप लावून ते खड्या आवाजात आकडे सांगायचे आणि दहा वर्षांची नजमा खाली बसून लिहून घ्यायची. एकदा एक शाळामास्तर आले. पाठीला पोक होतं. वडील त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पुढची उंची अठ्ठावीस, मागची एकतीस!" बाकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी टेबलावरचं कापड गुंडाळलं, "जरा काम आठवलं, येतो," म्हणाले आणि गेले, ते गेलेच. मुनीब मास्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही की चांगलं गिऱ्हाईक का तुटलं. नजमाला कळलं होतं.

म्हणून ती बोलायची नाही. कापायची. कुणाचं पोट पुढं, कुणाची एक बाजू ऑपरेशनात गेलेली, कुणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा बारीक. नजमा कापडावर खडूनं असं काही वळण घ्यायची की अंगावर चढल्यावर सगळं जागच्या जागी दिसायचं. त्या बायकांना वाटायचं, आपण अशाच आहोत. नजमाला वाटायचं, वाटू दे.

एप्रिलातल्या एका दुपारी करुणा आली. दारातूनच म्हणाली, "चाची, रागवायचं नाय."

"म्हणजे रागवण्यासारखं आहे."

"लग्नाचा ड्रेस मी ऑनलाइन मागवणारे. आपण मापं द्यायची, ते शिवून पाठवतात."

मशीन थांबलं. सातवीच्या युनिफॉर्मपासून कॉलेजच्या निरोपसमारंभाच्या ब्लाउजपर्यंत ह्या पोरीच्या अंगावरचा प्रत्येक कपडा ह्याच मशीनवरून गेला होता.

"मग इथं कशाला आलीस? मशीनला तेल घालायला?"

"माप द्यायला. तुमच्याशिवाय माझं माप कुणाला जमतं?"

"वा! हांडी त्यांची, आणि मीठ तेवढं माझं."

"चाची!"

मागून धापा टाकत गीताबाई आल्या, करुणाची आई. भावसिंगपुऱ्याहून पायी आल्या होत्या, कारण लेकीच्या स्कूटीवर त्यांचा भरवसा नव्हता. "मी म्हणलं तिला, पांढरी साडी घे निळ्या काठाची. समद्या पोरी नेसतात. ऐकती व्हय? म्हणं गाऊन! आता गाऊन म्हणल्यावर मला वाटलं रात्री घालायचा!"

नजमाला हसू आलं आणि राग निम्मा झाला. करुणानं फोन पुढं केला. पांढराशुभ्र, पायघोळ, कमरेपासून घेर, गळ्याला आणि बाह्यांना निळी किनार. गळा रुंद, जवळजवळ खांद्याच्या टोकापर्यंत गेलेला. बौद्ध मंगलपरिणयाला लागणारं पांढरं आणि निळं, दोन्ही आलं होतं. नजमानं मनात कबूल केलं, पोरीची नजर चांगली आहे.

"अठरा मापं मागतात," करुणा म्हणाली. "तुम्ही बोलू नका, चिठ्ठीवर लिहून द्या. तुमचं मला ठाऊक आहे."

वहाबभाई उठून ओट्यावर गेले. पडदा ओढला गेला. टेप करुणाच्या उजव्या खांद्यावर टेकली, मानेच्या हाडावरून पुढं गेली आणि डाव्या खांद्यापर्यंत पोचताना जराशी उतरली. दर वेळी उतरायची तशीच.

करुणा बारा वर्षांची असताना नजमाच्या बोटांना हे पहिल्यांदा लागलं होतं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. तेव्हा तिनं गीताबाईंना एकटीला गाठून सांगितलं. गीताबाईंनी पाठदुखीचं निमित्त काढून पोरीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनी पोरीला बाहेर बसवून सांगितलं, कण्याला किंचित बाक आहे, काळजीचं काही नाही, दोन-तीन वर्षं दाखवत राहा. दाखवत राहिल्या. बाक वाढला नाही, कमीही झाला नाही. पण डॉक्टरकडं गेल्या त्याच दिवशी गीताबाई एकट्याच दुकानात आल्या होत्या. "नजमाबाई, पाया पडते, तिला कळू देऊ नका. आत्ताशी आरशापुढं उभी राहायला लागलीय. कळलं तर आरशाकडं बघायची नाय पुन्हा."

नजमालाही ते पटलं होतं. तेव्हापासून डाव्या खांद्यात अस्तराखाली पिंपळपानाएवढी रुईची गादी. युनिफॉर्ममध्ये, कुर्त्यांत, ब्लाउजांत. बाजारातला तयार कपडाही गीताबाई घरी नेण्याआधी इथं आणायच्या, "जरा फिटिंग करा," म्हणायच्या. पंधरा वर्षं. करुणा मोठी झाली, शेंद्र्याच्या कंपनीत क्वालिटीला लागली, सोयगावचा पण नाशिकला नोकरीला असलेला संघपाल तिला पसंत पडला, आणि ह्या सगळ्यात तिला एकच गोष्ट माहीत नव्हती, जी तिच्या पाठीवर होती.

अठरा आकडे भरून झाले. करुणा म्हणाली, "चाची, शेवटी विचारतायत, अंगाची काही खास ठेवण असेल तर लिहा. काय लिहू?"

गीताबाईंनी नजमाकडं पाहिलं. नजमानं टेप गुंडाळायला घेतली. ती गुंडाळलेलीच होती, म्हणून उलगडून पुन्हा गुंडाळली.

"काय लिहायचं? लिही, काही नाही."

"काही नाही," करुणानं लिहिलं आणि बटण दाबलं. "झालं! आता चोवीस तासांत कापायला घेणार. मग बदल नाय."

"आला की घालू नकोस हां," नजमा घाईनं म्हणाली. "सरळ माझ्याकडं आण. इस्त्री मारून देते."

मनात हिशोब पक्का होता. ड्रेस येईल, आपण रुई घालू, कुणाला काय कळणार.

पण नवा ड्रेस दारात आल्यावर कुठली नवरी इस्त्रीची वाट बघते?

मेच्या दुसऱ्या रविवारी, लग्नाला आठ दिवस असताना, करुणा डोकं फिरल्यासारखी दुकानात शिरली. हातात खोकं. मागोमाग कुणी नाही, आई घरी पत्रिकांच्या ढिगाऱ्यात. वहाबभाई उठले.

"फसवलं चाची त्यांनी. बघाच तुम्ही."

पडद्याआड जाऊन ती ड्रेस घालून आली. उजवीकडं ड्रेस असा बसला होता की जणू अंगावरच विणलाय. डावीकडं किनार खांद्यावरून घसरून दंडावर आली होती, पाठीमागं गळा आ वासून उभा, आणि मानेपासून काखेपर्यंत एक तिरकी चुणी पडली होती.

"वर ओढलं की राहतं, श्वास घेतला की घसरतं. लग्नात काय श्वास नाय घ्यायचा का?"

"ठेवून जा. मी हात फिरवते. संध्याकाळी ने."

"तुम्ही का म्हणून हात फिरवायचा? चूक त्यांची! लिहून दिलंय, मापात गफलत झाली तर नवा शिवून देऊ. आज तक्रार केली तर होतंय आठ दिवसांत."

"अगं, एवढ्याशा कामाला..."

पण करुणा ऐकायच्या पलीकडं गेली होती. कंपनीत दिवसभर लोखंडाच्या तुकड्यांची मापं काढून चूक पकडणारी पोर ती. तिनं ड्रेस काढला, कटिंगच्या टेबलावर पसरला, नजमाचीच टेप घेतली आणि मोजायला लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज उतरला.

"साडेचौदा. साडेचौदाच सांगितलं होतं. मधून डावीकडं सव्वासात, उजवीकडं सव्वासात. सूतभर फरक नाय." ती ड्रेसकडं बघत राहिली. "मग एकीकडं बसतंय आणि एकीकडं नाय, असं कसं?"



करुणानं ड्रेस शिवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत, साखर घोळल्यासारखं बोलत होती. मॅडम, मापं तपासूनच ड्रेस पाठवलाय. तरी पाठीमागून एक फोटो पाठवा, सरळ उभं राहून, केस वर बांधून. आमचे मास्टर बघून सांगतील काय अडचण आहे ते.

करुणानं पुन्हा ड्रेस घातला. टेबलावरची पेन्सिल उचलून केसांचा अंबाडा त्यात अडकवला, फोन नजमाच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून सरळ उभी राहिली. "काढा."

फोनच्या काचेवर करुणाची पाठ आली. आजवर नजमानं हा खांदा बोटांनी पाहिला होता. असा चौकटीत, उजेडात, पाहिला नव्हता. कुणीही बघितलं असतं तर सांगितलं असतं. आता कुठल्याशा गावचा मास्टर बघणार, एक ओळ लिहिणार, आणि ही पोर ती ओळ कंपनीच्या बसमध्ये बसून वाचणार. आज नाही तर उद्या. उद्या नाशिकला जाईल. तिथला शिंपी टेप लावेल, भरल्या दुकानात म्हणेल, अहो ताई, तुमचा खांदा... आणि बाकावर कुणीतरी बसलेलं असेलच.

"निघाला का, चाची?"

"नाही."

"ते गोल बटण दाबा ना."

"बटण माहीत आहे गं मला." नजमानं फोन टेबलावर पालथा ठेवला. "करुणा, फिर इकडं. त्यांचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं."

"तुमचं कसं? तुम्ही साडेचौदा लिहिलं, साडेचौदाच आलं."

"लिहिलं ते बरोबर. लिहायचं होतं ते लिहिलं नाही." नजमानं टेबलावरची टेप उचलली. "तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, बेटा."

कूलर घरघरत होता. करुणा आरशाकडं वळली नाही. नजमाच्याच तोंडाकडं बघत राहिली.

"किती?"

तीस वर्षांच्या धंद्यात नजमाच्या तोंडून बाईच्या अंगाचा आकडा निघाला नव्हता.

"पाऊण इंच."

"एकोणीस मिलिमीटर," करुणा म्हणाली. मग हळू, "आमच्याकडं अर्ध्या मिलिमीटरला पीस बाजूला काढतात. लाल डब्यात."

"म्हणून तिथं लोखंड मोजतात."

"चेष्टा नका करू, चाची."

"नाही करत."

"कधीपासून आहे?"

"तू सातवीत होतीस. डॉक्टरला दाखवलं होतं आईनं. काही काळजीचं नाही म्हणाले, अन् नाहीच. फक्त आहे."

"कुणाकुणाला माहीत?"

"मला. आईला. त्या डॉक्टरला."

"आणि मलाच नाय!" करुणाचा आवाज फुटला. "माझी पर्स ह्या खांद्यावर कधी टिकली नाय. मला वाटायचं सवय नाय. मेघाच्या लग्नात तिचा ब्लाउज घातला, सारखा उतरत होता, पोरी म्हणाल्या तुला कपडे सांभाळता येत नाहीत. मी घरी येऊन रडले. आई शेजारी बसली होती. तेव्हा तरी सांगायचं!"

नजमानं टोपलीतून एक कुर्ता काढला. करुणाचाच, सासरी न्यायला शिवलेला. डाव्या खांद्याचं अस्तर ब्लेडनं उसवलं आणि आतली रुई तिच्या तळहातावर ठेवली. करुणानं ती चिमटीत दाबून बघितली.

"सगळ्यांत आहे?"

"सगळ्यांत."

"संघपालला काय सांगू मी? सगळ्यात आधी असल्याच एका कुर्त्यातला फोटो गेला होता त्याला. म्हणजे मी त्याला फसवलंच ना?"

"तू कुठं फसवलंस? तुला तरी कुठं..."

"तेच तर!"

तिनं कपडे बदलले. ड्रेस तसाच टेबलावर. दारात नजमानं विचारलं, "ह्याचं काय करू?"

"करा काय करायचं ते. तुम्ही दोघींनी मला विचारून कधी केलंय?"

स्कूटी गेली. वहाबभाई आत आले, ड्रेसकडं, नजमाकडं बघून काही न विचारता पाण्याचा ग्लास भरून ठेवला. अर्ध्या तासात गीताबाई आल्या. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद.

"सांगितलं तुम्ही? पंधरा वरसं गिळून बसलो आन् आता लग्नाच्या तोंडावर सांगितलं? घरात सोळा पाव्हणे हायेत आन् पोरगी कडी लावून बसलीय!"

"फोटो मागत होते, गीताबाई. मी नाही तर दुसऱ्यानं सांगितलं असतं."

"सांगू द्यायचं दुसऱ्याला! दुसऱ्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या!"

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. नजमा उभी राहिली. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा असं वाटत होतं, पण आज आपल्या हाताला तो हक्क आहे का, हे तिला कळेना.

सोमवार गेला. नजमानं पांढऱ्या ड्रेसला हात लावला नाही. इतरांचे दोन ब्लाउज शिवले, दोन्हींच्या बाह्या उलट्या लावल्या, उसवल्या. मंगळवारी संध्याकाळी, कंपनीची बस येऊन गेली तशी, मायलेकी दोघी दारात. करुणा कंपनीच्या निळ्या शर्टात, गीताबाई दोन पावलं मागं.

"चाची, आईला विचारा, पाणी प्यायचंय का," करुणा म्हणाली.

"नजमाबाई, तिला सांगा, घरून पिऊन निघाले."

"मी काय टपालखातं आहे का?" नजमा म्हणाली. पण तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. पोरगी आली होती.

करुणा स्टुलावर बसली. "सांगितलं मी संघपालला. काल. सगळं. एकोणीस मिलिमीटर, रुई, फोटो, सगळं."

गीताबाई एक पाऊल पुढं आल्या.

"काय म्हणाला?" नजमानं विचारलं.

"म्हणाला, बरं. मग म्हणाला, मंडपवाल्याला पंख्यांचं विचारलं का?"

"आन् मग?" गीताबाईंना राहवेना, टपालखातं बाजूला सारून त्यांनी थेट विचारलं.

"मग काय, मीच भांडले! मी रात्रभर जागी आणि ह्याला पंखे! म्हणाला, तू खांद्याचं सांगितलंस, मी ऐकलं, आता मे महिना आहे, पंख्यांचं कोण बघणार?" करुणा बोलता बोलता हसली आणि हसता हसता डोळे पुसले. "चाची, त्याचं जाऊ द्या. मला सांगा, ह्या ड्रेसला काय काय करता येतं? सगळं सांगा. लपवून काही नको."

नजमानं खुर्ची पुढं ओढली. "दोन गोष्टी होतात. एक, नेहमीसारखी रुई. दोन्ही खांदे सारखे दिसतील. दुसरी, डावा खांदा उसवायचा, पाऊण इंच उतरवून शिवायचा, मुंढा, म्हणजे बाही लागते तो गोल, तोही तेवढाच खाली घ्यायचा. किनारीवरचे मणी काढून पुन्हा हातानं बसवायचे. तीन दुपारी जातील. ड्रेस तुझ्या अंगावर बसेल. पण खांदा आहे तसा दिसेल."

"रुईच घाला," गीताबाई म्हणाल्या. "चारशे माणूस येणारे. कोण कुठून फोटो काढंल."

करुणा आईकडं न बघता म्हणाली, "घालून बघू."

नजमानं रुई टाचली. करुणा आरशासमोर उभी राहिली. दोन्ही खांदे सारखे, किनार सरळ. गीताबाईंचा चेहरा उजळला.

"आता हार घालायचा बघू," करुणा म्हणाली. "संघपाल माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. हात वर करावे लागतील."

"वीतभर उंच कोण आहे इथं?" नजमानं इकडंतिकडं पाहिलं. "अहो! आत या जरा!"

वहाबभाई आले, आणि नवरीच्या वेशातली करुणा बघून उलटे फिरायला लागले. त्यांना आरशाजवळ उभं करण्यात आलं. हार म्हणून मशीनचा जुना पट्टा सापडला. वहाबभाईंनी डोळे घट्ट मिटले.

"चाचा, नवरदेव असे डोळे मिटतात का?"

"मी मिटले होते," वहाबभाई म्हणाले. "तुझ्या चाचीला विचार."

करुणानं दोन्ही हात वर केले. त्याबरोबर डाव्या खांद्यातली रुई किनारीसकट टुणकन उडून तिच्या कानाशी जाऊन बसली. हात खाली आले तरी तिथंच. गळा एवढा रुंद की तिला धरून ठेवायला कापडच नव्हतं.

 मग आरशात स्वतःला बघून करुणाच आधी हसली. खो खो हसली. "बाई गं! खांद्यावर बेडूक! हा फोटो पाठवा आता त्यांच्या मास्टरला!" नजमाला हसू आवरेना. वहाबभाई डोळे मिटूनच विचारत होते, "काय झालं? घातला का हार?" गीताबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

करुणानं रुई ओढून बाहेर काढली. "ही नको. खांदा उसवा."

"दिसंल पोरी," गीताबाई म्हणाल्या, सरळ तिच्याकडं तोंड करून.

"घसरलेला दिसण्यापेक्षा उतरलेला दिसू दे. आणि आई, मी सारखी वर ओढत बसू का त्या दिवशी? मला लग्न करायचंय."



पुढच्या तीन दुपारी नजमानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. एक एक मणी काढून बशीत ठेवला. डावी बाही सोडवली. उसवलेला खांदा टेबलावर पसरून तिनं खडू उचलला, आणि एवढी वर्षं जी रेघ रुईनं भरून काढायची म्हणून सरळ मारली होती, ती आज खाली उतरवत नेली.  हे काम तिला येत नव्हतं असं नाही. एवढ्या बायकांच्या अंगाला तिनं कापड जुळवलं होतं, पण ते त्यांना ठाऊक असताना कधी नाही. आता उद्या ती पोर येणार, बघणार, आणि बोलणार. काही चुकलं तर लपायला अस्तर नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी फिटिंग. बाही कच्च्या टाक्यांवर लावलेली. करुणा पडद्याबाहेर आली. किनार दोन्ही खांद्यांवरून पाठीशी जाऊन मिळाली होती. चुणी गेली होती. डावा खांदा खाली होता, दिसत होता, आणि ड्रेस त्याच्यावर निवांत टेकला होता. करुणानं हात वर केले, खाली केले, वाकली, गिरकी घेतली, जोरात श्वास घेतला. कुठं काही हललं नाही.

ती आरशात बराच वेळ बघत राहिली. डावीकडून, उजवीकडून. मग मान वळवून पाठ. नजमा सुईत दोरा ओवायचं निमित्त करून खाली बघत होती. तिला वाटत होतं, आत्ता म्हणेल, नको, घाला ती रुई.

"चाची," करुणा म्हणाली, "मी अशी आहे होय?"

"अशीच आहेस."

"हं." ती पुन्हा आरशाकडं वळली. "बरी आहे की."

मग आरशातच तिनं आईला शोधलं. गीताबाई दारापाशी, उंबऱ्याला टेकून उभ्या होत्या. "आई, तू काय बोलत नाहीस?"

गीताबाई पुढं आल्या. लेकीच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून त्यांनी आधी उजवा खांदा बघितला, मग डावा.  नजमाच्या हातातला दोरा सुईत जाईना.

"नजमाबाई," गीताबाई म्हणाल्या, "डावीकडं सूतभर अजून उतरवा. वर ऱ्हायलाय."

करुणा गर्रकन वळली. "तुला एवढं बारीक दिसतं?"

"पंधरा वरसं दुसरं काय बघितलं मी? नीट उभी ऱ्हा. हलू नको."

नजमा जवळ गेली. बोट लावून बघितलं. खरंच सूतभर वर होता. तिनं दोन टाके सोडवले, कापड खाली घेतलं.

"इथं?"

"जरासं आत," गीताबाई म्हणाल्या, आणि टाचणी लागेपर्यंत ती दुमड त्यांनी आपल्या बोटांनी धरून ठेवली.